विझलेल्या दिव्याचा वारसा

बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाल्थर नर्न्स्ट हे नाव एका समीकरणापुरते ठाऊक असते. अंधेरी-मुलुंडच्या क्लासमध्ये ते दरवर्षी पाठ केले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. मात्र मोबाइल आणि विजेवरील स्कूटरच्या लिथियम बॅटरीतील ज्वलनशील द्रव काढून तेथे घनपदार्थ बसविण्याची जी खटपट आज जगभर सुरू आहे, तिचे एक मूळ याच शास्त्रज्ञाच्या दिव्यात सापडते.

नर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझन येथे झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे काम करीत असताना १८८९ मध्ये, ऐन पंचविशीत, त्यांनी ते समीकरण मांडले.

पुढे ते गटिंगेन विद्यापीठात गेले. त्या काळी विजेच्या दिव्यात कार्बनची तार असे. ती हवेत जळून जाई, म्हणून निर्वात काचेत कोंडावी लागे. नर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये झिरकोनियमच्या ऑक्साइडमध्ये यिट्रियमचे ऑक्साइड मिसळून कांडी बनविली. थंड असताना ती विजेला दादच देत नसे. आधी तापवावी लागे. सुरुवातीच्या दिव्यांना तर चक्क काडी ओढून! एकदा तापली, की उघड्या हवेतही ती लख्ख प्रकाश देई. या कांडीतून धावत होते ते ऑक्सिजनचे आयन. घन इलेक्ट्रोलाइट म्हणतात तो हाच.

विद्वानाला व्यवहार कळत नाही, हा समज नर्न्स्ट यांनी खोटा ठरविला. एईजी कंपनीकडून त्यांनी या शोधाचे दहा लाख मार्क घेतले आणि मोटारींची हौस भागविली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले. पण धातूच्या तारेचे दिवे आले आणि नर्न्स्ट यांचा दिवा बाजारातून हद्दपार झाला.

ते स्वतः १९०५ मध्ये बर्लिनला गेले होते. उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमाने त्यांना १९२० चे नोबेल मिळवून दिले. त्याआधीच्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी रासायनिक अस्त्रांवर काम केले, हे मात्र नजरेआड करता येत नाही. त्याच युद्धात त्यांचे दोन्ही मुलगे कामी आले. नाझी सत्तेवर आले तेव्हा दोन जावई ज्यू असलेले नर्न्स्ट त्यांच्यापुढे झुकले नाहीत. १९३३ मध्ये निवृत्ती घेऊन ते झिबेल येथील आपल्या जमिनीवर राहावयास गेले आणि १८ नोव्हेंबर १९४१ रोजी तेथेच निवर्तले.

त्यांची कांडी वीज नेमकी कशी वाहून नेते, याचा उलगडा कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये केला. यिट्रियममुळे स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि आयन त्या जागांवरून उड्या घेत पुढे सरकतात. मोटारीच्या धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही याच तत्त्वावर चालतो. लिथियमचे आयन असेच घनपदार्थातून नेणारे, लिथियम, लँथॅनम आणि पुन्हा झिरकोनियम असलेले एक ऑक्साइड २००७ मध्ये रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेप्नर यांनी जगापुढे आणले. ते पातळ, अभंग पापुद्र्याच्या रूपात आणि परवडेल अशा दरात कसे बनवावे, यावर अजून प्रयोगशाळांत काम चालू आहे.