विश्लेषण : पीनट बटरचा शोध कार्व्हर यांचा नव्हे, मग अमेरिकेच्या दक्षिणेतील ताटाला त्यांनी काय दिले?

वीणा गवाणकर यांच्या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घराघरांत परिचयाचे आहे. भुईमुगापासून ३०० वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ ही त्यांची लोकप्रिय ओळख. पीनट बटरचे जनक म्हणूनही त्यांचे नाव फिरत असते. यातील दुसरा दावा चुकीचा आहे आणि पहिला अर्धाच खरा. कार्व्हर यांचे खरे काम गरिबाच्या चुलीपाशी होते. ते काम काय होते आणि त्याची गरज का पडली, याविषयी...

दक्षिणेतील ताटात तेव्हा काय होते?

अमेरिकेच्या दक्षिणेतील घरगुती जेवण म्हटले की आज मक्याचा ब्रेड, मंद आचेवर शिजवलेली कोलार्डची पालेभाजी, चवळी-भात, रताळ्याचा गोड पाय आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा डोळ्यासमोर येतात. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलाबामातील कूळ शेतकऱ्याच्या घरात हे ताट रोज मिळत नसे. तिथे तीन पदार्थांवर वर्ष निघे : मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि उसाची काकवी.

याचे कारण शेतीच्या रचनेत होते. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पण जमीन मालकाकडेच राहिली. कुळाने कापूस पिकवायचा, निम्मा मालकाला द्यायचा आणि बियाण्यापासून पिठापर्यंत सारे दुकानातून उधारीवर घ्यायचे, अशी पद्धत रूढ झाली. रोख पैसा फक्त कापसाचा. त्यामुळे कित्येक ठिकाणी घराच्या उंबरठ्यापर्यंत कापूस लावला जाई. परसबागेला जागा नाही, जमिनीला विश्रांती नाही आणि ताटात भाजी नाही.

कार्व्हर स्वयंपाक कुठे शिकले?

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरीतील डायमंड येथे गुलामगिरीत झाला. यादवी युद्धाच्या धामधुमीत टोळीने त्यांना आणि त्यांच्या आईला पळवून नेले. मूल परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. मोझेस आणि सुझन कार्व्हर या दाम्पत्याने त्यांना वाढवले. प्रकृती नाजूक असल्याने शेतातील जड कामांऐवजी ते सुझनच्या हाताखाली घरकामात राहिले. स्वयंपाक, शिवण, धुणे आणि बागकाम ते तिथेच शिकले.

पुढे शिक्षणासाठी ते गावोगावी फिरले, तेव्हा याच कामांनी त्यांना जगवले. निओशो गावात मारिया वॉटकिन्स या सुईणीच्या घरी राहून त्यांनी औषधी वनस्पतींची ओळख करून घेतली. नंतर लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून त्यांनी शाळेचा खर्च भागवला. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने प्रवेश दिल्यानंतर वर्ण पाहून दार बंद केले. १८९१ मध्ये ते आयोवाच्या कृषी महाविद्यालयातील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले, पण सुरुवातीला जेवणाच्या दालनात इतरांबरोबर बसण्याची त्यांना मुभा नव्हती. तळघरात नोकरांसोबत त्यांचे पान मांडले जाई. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते बाहेर पडले.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलावले. पुढची ४७ वर्षे ते तिथेच राहिले.

भुईमुगाआधी रताळे आणि चवळी का?

टस्कीगीत प्रयोगशाळेची उपकरणेही नव्हती. विद्यार्थ्यांसोबत उकिरड्यावरून बाटल्या, डबे आणि भांडी गोळा करून कार्व्हर यांनी काम सुरू केले. शेत तर त्याहून वाईट होते. वर्षानुवर्षे कापूस घेऊन माती निकस झाली होती आणि खत विकत घेण्याची कुळाची ऐपत नव्हती.

त्यांचा उपाय साधा होता. चवळी आणि भुईमूग या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणजे खताचा काही भाग शेतातच तयार होतो. रताळे कमी खर्चात भरपूर येते आणि नीट साठवले तर हिवाळाभर पुरते. या तिन्ही पिकांची आणखी एक खुबी म्हणजे विकली गेली नाहीत तरी ती खाता येतात. कापसाचे तसे नाही.

क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांची रताळ्यावरील पुस्तिका १८९८ ची आणि चवळीवरील १९०३ ची. भुईमुगावरील प्रसिद्ध पुस्तिका मात्र १९१६ मध्ये आली. जगाने त्यांना भुईमुगाशी जोडले असले तरी सुरुवात रताळे आणि चवळीपासून झाली होती. चवळी तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांसोबत दक्षिणेत पोहोचलेली. नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून चवळी-भात खाण्याची तिथली प्रथा आजही टिकून आहे.

पुस्तिकांमध्ये नेमके काय असे?

नवे पीक घ्या, असे सांगणे सोपे होते. पण घरच्या बाईला ते रांधता आले नाही आणि मुलांनी खाल्ले नाही, तर पुढच्या वर्षी शेतकरी ते लावणार नाही, हे कार्व्हर यांनी ओळखले. म्हणूनच त्यांच्या पुस्तिकांत पेरणी, मशागत आणि काढणीच्या पाठोपाठ पाककृती येत. भाषा सोपी, साहित्य घरात असेल तेच. त्यांच्या हयातीत अशा चाळीसहून अधिक पुस्तिका निघाल्या.

१९१६ च्या भुईमूग पुस्तिकेत १०५ पाककृती होत्या. शेंगदाण्याचे सूप, ब्रेड, केक, बिस्किटे, आइस्क्रीम आणि मांसाच्या जागी चालेल असा दाण्यांचा लोफ, असा तो पसारा होता. दाण्याच्या कुटाची आमटी करणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटणार नाही. पण दक्षिणेत शेंगा प्रामुख्याने जनावरांचे खाद्य किंवा येताजाता तोंडात टाकायची वस्तू होत्या; त्यांना जेवणात आणणे हा मोठा बदल होता. यातील बऱ्याच कृती इतर पुस्तके आणि नियतकालिकांतून घेतल्या होत्या आणि कार्व्हर यांनी तसे त्यात नमूदही केले होते.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी १९०६ मध्ये जेसप वॅगन ही फिरती शाळा सुरू झाली. अवजारे आणि बियाणे घेऊन ही गाडी गावात जाई आणि प्रात्यक्षिके दाखवली जात.

ताटाचा आणि आजाराचा संबंध काय?

याच काळात दक्षिणेत पेलाग्रा या आजाराने थैमान घातले होते. त्वचेवर चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रम आणि अखेर मृत्यू, असा त्याचा क्रम असे. हा संसर्ग असल्याचे अनेक डॉक्टर मानत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये तुरुंगातील कैद्यांवरील प्रयोगातून तो आहारातील कमतरतेमुळे होतो, हे दाखवले. ती कमतरता नायसिनची होती, हे १९३७ मध्ये स्पष्ट झाले. मक्यातील नायसिन चुन्याच्या पाण्यात शिजवल्याशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. शेंगदाण्यात ते मुबलक असते.

कार्व्हर यांनी चवळी-भुईमुगाचा प्रचार सुरू केला, तेव्हा नायसिनचा हा उलगडा झालेला नव्हता. त्यांचा आग्रह विविध आहाराचा होता. पुढे विज्ञानाने दाखवलेली दिशाही तीच निघाली.

मग ३०० वस्तूंचे काय?

कापसावर बोंडअळीसारखी पडणारी बोल वीव्हिल ही कीड १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचली आणि शेतकरी भुईमुगाकडे वळले. १९२१ मध्ये आयात भुईमुगावर कर लावण्याच्या मागणीसाठी कार्व्हर यांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर पाठवण्यात आले. दहा मिनिटांची वेळ मिळाली होती. काही सदस्यांचा सुरुवातीचा सूर चेष्टेचा होता. पण पेटीतून एकेक नमुना बाहेर येऊ लागला, तशी समितीने वेळ वाढवली. या साक्षीनंतर ते देशभर भुईमुगाचा माणूस म्हणून ओळखले जाऊ लागले.

वस्तूंची यादी मोठी असली तरी त्यात पाककृती होत्या, आधीपासून माहीत असलेली उत्पादने होती आणि काहींची पुनरुक्तीही होती. बाजारात फार थोड्या टिकल्या. तपशीलवार नोंदीही त्यांनी फारशा ठेवल्या नाहीत. त्यांच्या नावावर तीनच पेटंट आहेत. एक सौंदर्यप्रसाधनाचे आणि दोन रंगांचे. पीनट बटरबाबत बोलायचे तर शेंगदाण्याच्या लगद्याचे अमेरिकी पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्येच मिळाले होते. तेव्हा कार्व्हर महाविद्यालयातही पोहोचले नव्हते.

त्यांच्या कामाला मर्यादा कोणत्या होत्या?

सर्वांत मोठी मर्यादा जमिनीची. काय पेरायचे हे अनेकदा कुळाच्या नव्हे, मालकाच्या हातात होते. पुस्तिका कितीही चांगली असली तरी कराराचा कागद ती बदलू शकत नव्हती. ज्यांच्याकडे थोडी स्वतःची जमीन किंवा परसबागेची मोकळीक होती, त्यांना तिचा अधिक उपयोग झाला. म्हणूनच कार्व्हर यांनी विकत न घेता मिळणाऱ्या गोष्टींवर भर दिला. १९४२ मधील त्यांच्या पुस्तिकेत बांधावरच्या रानभाज्यांची माहिती होती. तण म्हणून उपटून टाकला जाणारा चाकवत त्यात अन्न म्हणून आला.

भारताशी त्यांचा संबंध कसा आला?

सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२९ मध्ये टस्कीगीला भेट दिली. त्यानंतर कार्व्हर आणि महात्मा गांधी यांच्यात पत्रव्यवहार झाला. शाकाहारातून पुरेसे पोषण कसे मिळेल, याविषयी कार्व्हर यांनी गांधीजींना माहिती पाठवली.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत कार्व्हर यांचे निधन झाले. साधेपणाने राहून साठवलेले पैसे त्यांनी संशोधनासाठी संस्थेला दिले होते. त्याच वर्षी डायमंड येथील त्यांच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पीनट बटरचे श्रेय काढून घेतले, तरी कार्व्हर लहान ठरत नाहीत. उधारीच्या पिठावर जगणाऱ्या घराला आपल्याच मातीतून पोटभर जेवता यावे, यासाठी त्यांनी ४७ वर्षे दिली.