लोखंडी नांगरानं जमिनीत विष कालवलं जातं असं शेतकरी म्हणायचे, तरी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकून दाखवला

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन आहे. आज ते सांगली जिल्ह्यात येतं. पूर्वी या स्टेशनचं नाव होतं कुंडल रोड. आजूबाजूला निवडुंगाचं रान, साप, आणि उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट. सांगली नावाचा जिल्हाच तेव्हा नव्हता. सातारा जिल्हा होता आणि मधे मधे संस्थानांचे तुकडे. हा तुकडा औंध संस्थानाचा.

10 मार्च 1910 रोजी इथं एक माणूस आपलं बिऱ्हाड आणि मोजकी यंत्रं घेऊन आला. त्याला नांगर करून विकायचे होते, आणि नांगर ज्यांना विकायचे त्यांचं म्हणणं होतं की लोखंडाच्या नांगरानं जमिनीत विष कालवलं जातं.

त्या माणसाचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. शाळेच्या पुस्तकात फारसं लक्ष नाही, पण चित्रं काढायला आणि यंत्रं उघडून बघायला आवडायचं. थोरले भाऊ रामुअण्णांनी पैशाची बाजू सांभाळली आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांत लक्षात आलं की काही रंगांतला फरक त्यांना दिसतच नाही. रंगांधळेपणा. ज्या चित्रात बाकीच्यांना एक रंगसंगती दिसायची, त्याच चित्रात त्यांना दुसरीच दिसायची. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

एकच चित्र दोघांना दोन तऱ्हेचं दिसू शकतं, हा अनुभव त्यांनी असा विशीच्या आतच घेतला. पुढं आयुष्यभर त्यांना याच गोष्टीशी झगडावं लागलं, फक्त तेव्हा प्रश्न रंगांचा नव्हता.

रंग सुटले तरी रेषा राहिल्या. यांत्रिक ड्रॉइंगमध्ये रंग लागत नाहीत. त्यात तयार होऊन त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी धरली. नोकरी सांभाळून ते बेळगावला भावाकडे सायकली पाठवायचे. 1888 साली सुरू झालेलं ते सायकलचं दुकान म्हणजे किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात. पुढं हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी 1897 मध्ये राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

आधी कडबा कापायचं यंत्र केलं, म्हणजे आपली आजची कडबाकुट्टी. मग लोखंडी नांगर. नांगर झाला, पण घेणार कोण? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट सहसा अशी सांगतात की शेतकरी अडाणी आणि अंधश्रद्धाळू होते, किर्लोस्करांनी त्यांना शहाणं केलं. ऐकायला बरी वाटते, पण अर्धवट आहे. शेतकऱ्याला लोखंडाचं वावडं असतं तर त्याच्या लाकडी नांगराला फाळ कशाचा होता? लोखंडाचाच. गावच्या लोहारानं शेवटलेला. म्हणजे लोखंड मातीत जाणं नवीन नव्हतं.

मग नवीन काय होतं? लाकडी नांगर माती फोडतो, उलथत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा अख्खा पट्टा पालथा घालतो. हरळी आणि कुंदा माजलेल्या काळ्या रानात हे वरदान आहे, कारण मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. पण उथळ, मुरमाड रानात तेच केलं की खालची कस नसलेली माती वर येते आणि पहिल्या हंगामात पीक मार खातं. ज्याच्या रानात असं होईल, तो जमिनीत विष कालवलं म्हणणारच. शब्द चुकीचा असेल, पण डोळ्यांनी बघितलेलं खोटं नव्हतं.

दुसरं कारण पैशाचं. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घेऊन जायचा. लोखंडी नांगराला रोख रुपये मोजायचे, वर एखादा भाग मोडला तर कारखान्याकडं बघत बसायचं. नांगर जड, त्याला बैल जास्त. दोन बैलांचा धनी असलेल्या कुणब्यानं तो नाकारला तर तो त्याचा हिशेब होता.

गंमत म्हणजे याच काळात, 1905 नंतर, स्वदेशीची लाट होती. त्यामुळे शहरातल्या सुशिक्षित माणसाला हाच नांगर देशभक्तीचं काम वाटायचा: विलायती नांगराला टक्कर देणारा आपल्या माणसाचा नांगर. सरकारी शेतीखात्याच्या साहेबाच्या लेखी ते सुधारलेलं अवजार होतं. उसाचा मळा असणाऱ्या बागायतदाराला त्यात हरळीवरचा उपाय दिसला. आणि कोरडवाहू शेतकऱ्याला खर्च दिसला. नांगर एकच होता.

इथं थोडं विषयांतर. 1973 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात स्टुअर्ट हॉल नावाच्या अभ्यासकानं टीव्हीबद्दल एक निबंध लिहिला. हॉल मूळचे जमैकाचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संदेश तयार करणारा त्यात एक अर्थ भरतो, पण तो अर्थ जसाच्या तसा पोचेल याची खात्री नसते. काही लोक सांगितलेला अर्थ तसाच घेतात. काही निम्मा घेतात आणि निम्मा आपल्या परिस्थितीप्रमाणे वळवतात. काही जण पूर्ण उलटा अर्थ लावतात, आणि तेही समजून उमजून. कोण काय अर्थ लावेल हे त्याचं शिक्षण, पैसा, जात, काम, अनुभव यांवर ठरतं. आजही जाहिरात आणि माध्यमांच्या अभ्यासात हा निबंध शिकवतात.

लक्ष्मणरावांना हे असं मांडून सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना न विकलेल्या नांगरांचा ढीग दिसत होता, आणि तेवढ्यात नवीनच संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा मोकळी करायला लावली. अशा वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधच्या राजानं चित्रकलेच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कारखानदाराला जमीन दिली, कर्ज दिलं, आणि कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या वसाहतीत त्यांनी एक गोष्ट केली जी त्या काळात कुणाच्या पचनी पडली नसती. सरकारदरबारी गुन्हेगार ठरलेल्या माणसांना त्यांनी राखणीला ठेवलं. लोकांच्या नजरेत जो चोर, त्याच्याच हातात राखण. तोटा झाला नाही. वसाहतीत शिवाशिवही पाळायची नाही असा दंडक होता.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि विलायती नांगर येणं बंद झालं. मागणी वाढली, पण आता लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. लढाईच्या तोफांचे नांगर झाले.

नांगर आता विकत होते, पण खेड्यातल्या माणसाशी बोलायचं कसं हा प्रश्न होताच. ते काम पुतण्यानं अंगावर घेतलं. शंकर वासुदेव किर्लोस्कर, महाराष्ट्राला ठाऊक असलेले शंवाकि. हेही चित्रकार, लाहोरला पंडित सातवळेकरांकडे शिकलेले. कारखान्याची जाहिरात आणि पत्रव्यवहार त्यांच्याकडं आला. 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. हेतू साधा: गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कारखान्याच्या बातम्या द्यायच्या, म्हणजे माल खपेल.

त्या वेळी मुंबई इलाख्यात शंभरात जेमतेम दहा जणांना वाचता यायचं. म्हणजे नांगर वापरणारा आणि जाहिरात वाचणारा हे बहुतेक वेळा वेगवेगळे लोक. छापलेलं पान मास्तर वाचणार, तलाठी वाचणार, आणि शेतकऱ्याच्या कानावर येणार ते त्यांनी लावलेल्या अर्थासकट. आजच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डचंही असंच आहे, मूळ मजकुरापेक्षा तो कुणी पाठवला याला वजन जास्त.

आणि वाचकांनी ‘खबर’चं काय केलं? त्यांनी ते कारखान्याचं माहितीपत्रक म्हणून वाचलंच नाही. नांगर घ्यायची ज्यांना कधी गरज पडणार नव्हती असे लोक ते मागवू लागले. त्यांना त्यातलं बाकीचं लिखाण हवं होतं. शंवाकिंनी हे वेळीच ओळखलं. नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघालं. जे रस्त्यावर नांगर विकायला निघालं होतं, ते घराघरांत स्त्रीशिक्षण, विवाह आणि बुद्धिवादावर वाद घालू लागलं. कुठल्याही जाहिरात खात्यानं आखून असं झालं नसतं.

याच कुंडल परिसरात पुढं अर्थ बदलण्याचा आणखी एक प्रकार घडला. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार चाललं आणि कुंडल त्याचं मोठं केंद्र होतं. लोकांनी प्रतिसरकारचं केलं पत्री सरकार, म्हणजे गुंडांच्या आणि फितुरांच्या पायांना पत्री ठोकणारं सरकार. नेत्यांनी दिलेला शब्द मागं पडला आणि लोकांचा शब्द इतिहासात गेला.

लक्ष्मणरावांचं निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झालं. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं टपाल तिकीट काढलं. तोवर लोखंडी नांगर इतका रुळला होता की लाकडी नांगर म्हणजे जुनाट शेती, असं शेतकरीच म्हणू लागले होते.

आता महाराष्ट्रातले काही शेतकरी विना-नांगरणीची शेती करतात. खोल नांगरटीनं मातीतला सेंद्रिय कर्ब कमी होतो, गांडुळं आणि सूक्ष्म जीव मरतात, असं ते सांगतात. त्यांच्या बांधावरून जाणारे नांगरटवाले मात्र हे ऐकून हसतात.