तुकड्यातली शेती, बुडालेला धंदा आणि बाबासाहेब

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वरांची पालखी वेळापूरला मुक्कामी असते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहा, भजी, केळी, चपला आणि रेनकोट विकणाऱ्यांची रांग लागते. आपल्या वस्तीतली पोरेही हातगाडी लावतात आणि एका दिवसात गल्ला भरतो. पालखी भंडीशेगावकडे गेली की हातगाडी पुन्हा घरामागे उभी राहते. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी बिगारीला, तर कोणी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डोके घालून बसतो. धंदा वर्षभर का करत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. भांडवल नाही, आणि जमीन म्हणाल तर चार भावांत मिळून अर्धा एकर.

याच दुखण्यावर 1918 साली एका 27 वर्षांच्या तरुणाने सविस्तर लेख लिहिला होता. त्या तरुणाची जयंती आपण दरवर्षी मिरवणूक काढून साजरी करतो. घटनाकार बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र फ्लेक्सवरच्या पदव्यांच्या रांगेतच राहिले. म्हणून त्यांचे आयुष्य एकदा पैसा, जमीन आणि पाणी या बाजूने वाचले पाहिजे.

दुप्पट भाडे

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्याला आले. पुढे रामजींना खटाव तालुक्यात कॅशियरची नोकरी लागली. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. वेळापूरच्या पश्चिमेला माण, आणि माणला लागून खटाव. म्हणजे हा आपल्याच दुष्काळी पट्ट्यातला प्रसंग आहे.

1901 साली लहान भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर जात कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि वर गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. हा प्रसंग आपण अपमानाचा म्हणून सांगतो आणि तो आहेच. पण त्यात अर्थशास्त्रही आहे. तोच रस्ता आणि तीच गाडी असताना पैसे दुप्पट आणि सेवा निम्मी. बाजार सगळ्यांना सारखा भाव लावतो, हे पुस्तकातले वाक्य त्या मुलाच्या बाबतीत दहाव्या वर्षीच खोटे ठरले होते.

डिग्री होती, गिऱ्हाईक नव्हते

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहून 1915 साली ते एम.ए. झाले आणि पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे राहायला जागा मिळाली नाही, कचेरीतही वाईट वागणूक मिळाली, म्हणून ते मुंबईला आले.

मुंबईत त्यांनी काय केले, हे आजच्या तरुणांनी लक्षात ठेवावे. त्यांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढली. त्या काळच्या मुंबईत एवढे अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार शोधून सापडला नसता. धंदा सुरूही झाला. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि धंदा बंद करावा लागला.

त्याच सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. राजाने चहा घेतल्यावर इतरांनाही तो घेणे भाग पडले. दोन्ही धंदे लहान होते आणि दोन्ही मालक एकाच समाजाचे होते. फरक पडला तो पाठीशी कोण उभे होते यामुळे. धंद्याला भांडवल लागते, तशी पतही लागते. आपल्या समाजाची पत जातीने आधीच खाल्लेली असते.

छोट्या शेतीचा लेख

नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतातल्या छोट्या शेतजमिनींवरचा त्यांचा लेख याच वर्षी प्रसिद्ध झाला. तेव्हाचे अर्थतज्ज्ञ आणि अधिकारी म्हणत होते की जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे. तेव्हा तुकडे जोडा, वारसांत वाटणी थांबवा, म्हणजे शेती सुधारेल.

बाबासाहेबांनी हा प्रश्नच उलटा करून पाहिला. जमीन लहान की मोठी, हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या जमिनीवर किती भांडवल आहे, किती अवजारे आहेत आणि किती हात राबतात, या प्रमाणावर ते ठरते. पाणी, बैल आणि खत असेल तर दोन एकरही पुरतात. काहीच नसेल तर दहा एकरही जड होतात. खरा रोग वेगळा आहे. दुसरे काम नसल्यामुळे गरजेपेक्षा जास्त माणसे शेतीवर टिकून आहेत. ती वर्षातला बराच काळ रिकामी असतात, पण जेवतात रोज. त्यामुळे शिल्लक पडत नाही. शिल्लक नसली की भांडवल उभे राहत नाही, आणि भांडवलाशिवाय पीक वाढत नाही. यावर त्यांनी उद्योग वाढवण्याचा उपाय सांगितला. उद्योगात माणसे गेली की शेतीवरचा भार हलका होईल, उद्योगातून भांडवल तयार होईल आणि जमीनही आपोआप मोठ्या प्रमाणात कसता येईल.

1927 साली मुंबई कायदेमंडळात जमिनीच्या तुकड्यांविषयीचे सरकारी विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. वाटणी कायद्याने बंद केली तर एका भावाकडे जमीन राहील आणि बाकीचे भूमिहीन मजूर होतील, हा त्यांचा मुद्दा होता. मालकी ज्याची त्याच्याकडे राहू द्या, पण शेती सहकाराने एकत्र करा, हा पर्याय त्यांनी तेव्हाच मांडला.

कायदेमंडळ आणि रस्ता

लेख लिहून ते थांबले नाहीत. 1928 साली त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. थोडीशी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात महाराने दिवसरात्र सरकारी आणि गावकीची कामे करायची, ही वेठबिगारी त्यांना मोडायची होती. कामाला रोख पगार हवा, ही त्यांची भूमिका होती. विधेयक मंजूर झाले नाही. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. 17 सप्टेंबर 1937 रोजी कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्यात कुणबी, आगरी आणि महार एकत्र चालत होते.

1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. ज्याला मसूरच्या वाटेवर घोटभर पाणी मिळाले नव्हते, तो आता देशातल्या नद्यांच्या पाण्याचे नियोजन करत होता. 1947 च्या आपल्या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, असे सुचवले. राज्याने जमीन घ्यावी, मालकांना मोबदला द्यावा, आणि जात न पाहता गावकऱ्यांच्या गटांना ती कसायला द्यावी. पाणी, बैल, अवजारे, खत आणि बियाणे राज्यानेच पुरवावे. ही योजना घटनेत आली नाही. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. जमिनीचा लढा पुढे दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 च्या सत्याग्रहांतून चालवला.

आता आपण

नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात फिरले आणि ऊस उभा राहिला. पण कालवा जमिनीला पाणी देतो. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला कोयता येतो. बाबासाहेबांचे 1918 चे गणित आपल्या शिवारात आजही तसेच आहे.

महार वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. ही शर्त आपल्या संरक्षणासाठी आहे. तरीही अनेक ठिकाणी अशा जमिनी मातीमोल भावाने हातातून गेल्या. ज्यांच्याकडे त्या उरल्या, त्यांची वेगळीच अडचण आहे. आमच्या भागातल्या एका तरुणाबरोबर मी कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेले होते. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 दिसताच साहेबांनी कागद परत सरकवला. कारण विचारले तर लेखी द्यायला तयार नव्हते. शेअर बाजारातले ते गिऱ्हाईक मला तेव्हा आठवले.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. कूटदंत सुत्तात तर राजाला असा सल्ला आहे की चोऱ्या शिक्षेने थांबत नाहीत. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या, मग राज्यात शांतता नांदेल. धम्माने पोट आणि पत यांना कधीच कमी लेखले नाही.

म्हणून येत्या जयंतीला प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, वस्तीतल्या प्रत्येक घराचा सातबारा आणि फेरफार काढून विहारात त्याची यादी करावी. दुसरे, अर्धा-अर्धा एकरवाल्या भावकीने बांध तसेच ठेवून विहीर, मोटार आणि अवजारे एकत्र घ्यावीत. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे. तिचे अर्ज समाजकल्याण कार्यालयात सामुदायिकपणे भरावेत. तिसरे, मिरवणुकीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढून वस्तीतल्या हातगाडीवाल्याला बिनव्याजी फिरते भांडवल द्यावे. आणि त्याच्या गाडीवर आपण स्वतः जाऊन चहा प्यावा. शाहू महाराजांनी तेवढेच केले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!