डॉ. रोनाल्ड रॉस आणि आमचे रांजण

परगांवाहून आलेला मनुष्य आठ-पंधरा दिवसांनीं हुडहुडी भरून अंथरुणास खिळला, म्हणजे तिकडचें पाणी बाधलें असें म्हणून विषय संपविण्याची आमच्याकडे चाल आहे. बोदवड हें भुसावळ-नागपूर मार्गावरील रेल्वेचें गांव. व्यापारी, मजूर व विद्यार्थी यांची येथून नित्य ये-जा असते. म्हणून ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहणें आमच्या वाचकांच्या हिताचें होय; आणि त्यास डॉ. रोनाल्ड रॉस यांच्या चरित्रासारखें दुसरें साधन नाहीं. कारण याच समजुतीस कसोटी लावून त्यांनीं ती टाकून दिली.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं अल्मोडा येथें झाला. वडील हिंदुस्थानांतील लष्करांत अधिकारी होते. मुलाचा ओढा काव्य, संगीत व चित्रकला यांकडे. परंतु वडिलांच्या आग्रहास्तव तो लंडनमध्यें वैद्यक शिकला व १८८१ सालीं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें दाखल झाला. पुढील वर्षें मद्रास, बंगलोर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्यांत गेलीं.

हिंवतापाचा जंतु लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनीं १८८० सालीं अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत पाहिला होता. रॉस यांस तो खरा वाटेना. ताप आंतड्यांच्या बिघाडानें येतो असें त्यांचें मत होतें व तें त्यांनीं प्रसिद्धहि केलें होतें. १८९४ सालीं लंडनमध्यें डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनीं तो जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला, आणि रॉस यांनीं आपला हट्ट सोडला. छापून गेलेलें मत चुकीचें ठरतांच तें टाकून देणें विद्वानांसहि कठीण जातें. रॉस यांच्या यशाचा पाया येथेंच घातला गेला.

मॅन्सन यांचा तर्क असा होता कीं, जंतु डांसाच्या पोटांत जातो, डांस पाण्यांत मरतो व तें पाणी पिणाऱ्यास ताप येतो. म्हणजे आमचीच समजूत! १८९५ सालीं सिकंदराबादेस परतल्यावर रॉस यांनीं राजीखुशीनें पुढें आलेल्या माणसांस असें पाणी पाजून पाहिलें. पहिल्यास थोडा ताप आला, तेव्हां तर्क खरा वाटला. पण पुढें तो अनुभव टिकला नाहीं. मग ते डांसांकडेच वळले. दोन वर्षें भलत्याच जातींचे डांस चिरण्यांत गेलीं. घामानें यंत्राचे स्क्रू गंजले. वाऱ्यानें डांस उडतील म्हणून पंखाहि वर्ज्य. अखेर १८९७ च्या ऑगस्टमध्यें ठिपकेदार पंखांचे डांस हातीं लागले. १६ तारखेस हुसेन खान नांवाच्या रोग्यानें दर डांसामागें एक आणा घेऊन दहा डांस आपल्या अंगावर चावूं दिले, आणि २० तारखेस अशा एका डांसाच्या जठराच्या भिंतींत रॉस यांस हिंवतापाच्या जंतूंच्या पेशी दिसल्या.

इतक्यांत बदलीचा हुकूम आला व त्यांस राजपुतान्यांत खेरवाड्यास जावें लागलें. पुढें कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर काम करून १८९८ सालीं त्यांनीं सिद्ध केलें कीं, जंतु डांसाच्या लाळेच्या ग्रंथींत पोहोंचतो व दंशावाटे दुसऱ्या शरीरांत शिरतो. मनुष्याच्या बाबतींत तीच गोष्ट ग्रासी प्रभृति इटालियन संशोधकांनीं त्याच वर्षीं दाखविली. श्रेयाचा तो कडवट वाद शेवटपर्यंत मिटला नाहीं. १९०२ सालीं रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु मानमरातबांत ते रमले नाहींत. फ्रीटाऊन, सुएझ कालव्यावरील इस्मालिया, मॉरिशस असे हिंडून त्यांनीं साचलेलें पाणी हटविण्याचा उपदेश केला. इस्मालियांतून तर कांहीं वर्षांतच हिंवताप जवळजवळ नाहींसा झाला. १९१० सालच्या ग्रंथांत त्यांनीं गणितानें दाखविलें कीं, सगळे डांस मारण्याची गरज नाहीं. त्यांची संख्या एका मर्यादेखालीं आणली कीं रोग आपोआप मावळतो. व्यापाऱ्यास हें सहज पटेल. रुपयाचे चौदा आणे होऊं लागले कीं मोठी पेढीहि बुडते. तापाचें भांडवलहि तसेंच आटतें. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला.

आतां आपल्या घराकडे वळूं. डॉ. बेंटले यांनीं १९११ च्या अहवालांत मुंबईच्या हिंवतापाचें मूळ शहरांतील विहिरींत दाखविलें. आमच्या भागास पाणीटंचाई पाचवीला पुजलेली. पाणी दिवसेंदिवस सांठवावें लागतें, आणि त्याच रांजणांत, हौदांत व गच्चीवरील टाक्यांत डांसांच्या अळ्या वाढतात. डेंग्यूचा डांसहि अशाच स्वच्छ पाण्यांत वाढतो. म्हणजे प्यालेल्या पाण्यानें नव्हे, उघड्या ठेवलेल्या पाण्यानें हा ताप येतो. प्रवासी रक्तांत जंतु घेऊन येतो हें खरें. पण त्याच्या एका तापाचे दहा ताप करणारा डांस आम्हीच पोसलेला असतो.

पाणीपुरवठा ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं तो नियमित करावा, हें मागणें रास्त आहे व तें सोडूं नये. पण तोंवर हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. अंड्यापासून डांस होण्यास सुमारें आठवडा लागतो. म्हणून आठवड्यांतून एक दिवस भांडीं रिकामीं करून, घासून, कोरडीं करावींत. टाक्यांस घट्ट झांकण असावें. दुकान व गोदामामागील टायर, डबे काढून टाकावेत. आणि प्रवासाहून आल्यावर ताप आला, तर पाण्यास बोल न लावतां त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. रॉस यांस एक डांस ओळखण्यास दोन वर्षें लागलीं. त्या श्रमाचें फळ पदरीं पाडून घेण्यास आम्हांस आठवड्याची एक सकाळ पुरे आहे.