भिंगावर ज्याचं नाव नाही

मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माणूस काय काय शिकतो! सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी फाइल उतरवणं, मेसच्या आमटीत डाळ शोधणं आणि कमी पैशांत मोठी हौस भागवणं. यातल्या तिसऱ्या विषयात मला डिस्टिंक्शन मिळायला हरकत नाही. कारण माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर मी जी लेन्स वापरतो ती माझ्या वडिलांच्या वयाची आहे. तिला ऑटोफोकस नाही, मोटर नाही, कॅमेऱ्याशी बोलणारी एकही वायर नाही. फोकसची रिंग हाताने फिरवायची आणि अ‍ॅपर्चरही हातानेच लहानमोठं करायचं. नव्या लेन्सच्या तुलनेत किंमत अगदीच किरकोळ, पण फोटो असा येतो की शेजारच्या रूमवाले विचारतात, राव, हा कुठल्या कॅमेऱ्याचा?

या लेन्सच्या कडेवर कोरलंय, कार्ल झाइस येना. झाइस हे नाव तुम्ही कधीतरी मोबाईलच्या पाठीवरही वाचलं असेल. पण ज्या माणसाने या नावाला खरा अर्थ दिला त्याचं नाव कुठल्याच लेन्सवर नसतं. तो माणूस म्हणजे अर्न्स्ट आबे. आपल्याला तो ऑप्टिक्सच्या पुस्तकातल्या 'आबे नंबर'पुरता भेटतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. म्हणून म्हटलं, यंदाच्या अंकात त्याच्याविषयीच लिहू.

आबेंचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाख गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाला चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभ्याने काम. लहानगा अर्न्स्ट दुपारी वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जायचा. वडील मशिनला टेकून, उभ्याउभ्याच जेवायचे, रिकामं भांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. उंचापुरा, दणकट माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसायला लागला. मुंबईच्या गिरणगावच्या गोष्टी ज्यांच्या घरात सांगितल्या जातात त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. हे दृश्य आबे जन्मभर विसरले नाहीत.

पोरगं हुशार होतं. गिरणीच्या मालकानेच शिक्षणाला मदत केली. येना आणि गटिंगेन इथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकून १८६१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आबे डॉक्टरेट झाले! (आपण त्या वयात बॅकलॉग मोजत असतो, असो.) १८६३ पासून ते येना विद्यापीठात शिकवू लागले.

त्याच गावात कार्ल झाइस नावाच्या कारागिराचं मायक्रोस्कोपचं वर्कशॉप होतं, १८४६ साली सुरू केलेलं. त्या काळी लेन्स कशी बनायची? भिंगं घासायची, नळीत बसवायची, बघायचं. नाही जमलं तर एखादं भिंग बदलायचं, अंतर कमीजास्त करायचं, पुन्हा बघायचं. थोडक्यात, आपण प्रॅक्टिकलला रीडिंग जुळवतो तसंच. चांगला कारागीर असेल तर चांगली लेन्स निघायची, पण ती का चांगली निघाली हे त्यालाही सांगता यायचं नाही. झाइसना हे खटकत होतं. १८६६ साली त्यांनी आबेंना गाठलं आणि लेन्स आधी गणिताने ठरवायची, मग घासायची, हे काम त्यांच्यावर सोपवलं.

आता गंमत बघा. आबेंनी गणित मांडलं, पहिल्या लेन्स तयार झाल्या आणि त्या जुन्या, अंदाजपंचे बनवलेल्या लेन्सपेक्षा बारीक तपशील कमी दाखवू लागल्या! प्रतिमेतले दोष कमी व्हावेत म्हणून आबेंनी लेन्सचा प्रकाश घेण्याचा कोन लहान ठेवला होता. दोष कमी झाले, पण तपशीलही गेला. दुसरा कुणी असता तर गणिताचा नाद सोडून पुन्हा घासत बसला असता. आबे मात्र असं का झालं याच्या मागे लागले. त्यातून कळलं की वस्तूवरून प्रकाश पसरतो तेव्हा त्याचे डिफ्रॅक्शनने बाजूला गेलेले किरण लेन्समध्ये शिरलेच नाहीत, तर तो तपशील प्रतिमेत येऊच शकत नाही. १८७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सूत्र साधं आहे. लेन्स वेगळे दाखवू शकेल असं सर्वात लहान अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले न्यूमरिकल अ‍ॅपर्चरची दुप्पट. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा आणि अ‍ॅपर्चर १.४ धरलं, तर उत्तर येतं साधारण २०० नॅनोमीटर. साध्या मायक्रोस्कोपची हद्द तिथे संपते, मग कारागीर कितीही कसबी असो. कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बारीक केलं की फोटो मऊ पडतो, त्याच्या मुळाशीही हेच डिफ्रॅक्शन. येना विद्यापीठाजवळच्या आबेंच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेलं आहे.

१८७२ पर्यंत झाइसचे सगळे ऑब्जेक्टिव्ह आबेंच्या गणितावर बनू लागले. १८७६ साली झाइसनी त्यांना भागीदार करून घेतलं. पण एक अडचण उरली होती, ती काचेची. मिळणाऱ्या काचांत अपवर्तनांक वाढला की रंग फाकण्याचं प्रमाणही वाढायचं, त्यामुळे गणितात हवी असलेली काच बाजारात नसायची. १८७९ मध्ये ओटो शॉट या तरुण रसायनतज्ज्ञाने आबेंना पत्र लिहून आपल्या नव्या काचेचे नमुने पाठवले. १८८४ साली येनामध्ये शॉट, आबे आणि झाइस पितापुत्रांनी मिळून काचेचा कारखाना उभा केला. त्यातून नव्या जातीच्या काचा आल्या आणि १८८६ साली रंगदोष जवळजवळ नाहीसा करणारे ऑब्जेक्टिव्ह बाजारात आले. मायक्रोस्कोपमधल्या आपल्या सुधारणांचं पेटंट घ्यायला आबेंनी नकार दिला. विज्ञानाची साधनं सगळ्यांना मिळाली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं.

आपल्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा धागा इथूनच सुरू होतो. आबेंनी पॉल रुडॉल्फ या तरुणाला हाताशी घेतलं. नव्या काचा वापरून रुडॉल्फने १८९० साली फोटोच्या कडेपर्यंत स्पष्ट राहणारी अ‍ॅनास्टिग्मॅट लेन्स, १८९६ साली प्लानार आणि १९०२ साली चार काचांची टेसार आणली. जुन्या लेन्सच्या बाजारात टेसार आजही ढिगाने मिळते.

इथवरची गोष्ट हुशार माणसाची झाली. माझ्या मते आबे मोठे ठरतात ते यापुढे. १८८८ साली कार्ल झाइस वारले. दोन्ही कारखान्यांतला मोठा वाटा आबेंकडे होता, माणूस जन्मभर आरामात जगला असता. पण १८८९ साली त्यांनी झाइसच्याच नावाने एक फाउंडेशन स्थापन केलं आणि १८९१ साली आपली मालकी त्याला देऊन टाकली. स्वतःचं नाव संस्थेलासुद्धा दिलं नाही! नंतर ते तिथे व्यवस्थापक म्हणून पगारावर काम करत राहिले. १८९६ च्या नियमावलीत लिहिलं गेलं की कामावर घेताना धर्म, कूळ किंवा राजकीय मत बघायचं नाही. भरपगारी सुट्टी आणि पेन्शन हे कामगाराचे हक्क ठरले. वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगारांच्या सरासरी पगाराच्या दहापटीपेक्षा जास्त असता कामा नये, हेही त्यातच आहे. नफ्यातला वाटा विद्यापीठालाही मिळू लागला.

आणि १९०० साली त्यांनी कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. हा दयाधर्म नव्हता, आबेंनी तो मोजून दाखवला. एक तास कमी झाल्यावर उत्पादन तेवढंच राहायला ताशी काम साडेबारा टक्क्यांनी वाढायला हवं. त्यांनी तुकड्यावर काम करणाऱ्या २३३ कामगारांची आधीची आणि नंतरची वर्षभराची कमाई तपासली. ताशी काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं होतं! म्हणजे आठ तासांत नऊ तासांपेक्षा जास्त. थकलेला माणूस आणि मशिन दोन्ही तोट्यात चालतात, हे गिरणीत डबा नेणाऱ्या मुलाने आकड्यांत सिद्ध केलं.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी हे गणित पाळलं नाही. अतिश्रमाने तब्येत ढासळली, १९०३ साली काम सोडावं लागलं आणि १४ जानेवारी १९०५ रोजी ते गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले तसे झाइसचेही झाले. १९४५ साली अमेरिकन सैन्याने निवडक तज्ज्ञ पश्चिमेला नेले, नंतर रशियनांनी येनातली यंत्रसामग्री उचलली. तरी येनाचा कारखाना पूर्व जर्मनीत पुन्हा उभा राहिला आणि टेसार, फ्लेक्टोगोन, पँकोलार अशा लेन्स बनवत राहिला. नावाचे खटले चालले, म्हणून काही लेन्सवर नुसतं 'आउस येना' म्हणजे 'येनाहून' एवढंच असतं. १९९० नंतर दोन्ही भाग एकत्र आले. फाउंडेशन अजून आहे आणि झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांची मालकी त्याच्याकडेच आहे.

यातल्या बऱ्याच लेन्सना ४२ मि.मी. व्यासाचा आणि १ मि.मी. पिचचा आटा असतो, म्हणजे वर्कशॉपमध्ये आपण काढतो तसलाच. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मि.मी. कॅनन डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मि.मी., म्हणून मधे पातळ रिंग टाकली की काम झालं. निकॉन डीएसएलआरमध्ये ४६.५ मि.मी., तिथे साध्या रिंगने दूरचा फोकस मिळत नाही. मिररलेसमध्ये अंतर २० मि.मी.च्या आसपास, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय सुरू करा आणि स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस साधा. घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का बघा, आपल्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको आणि रिंग सगळीकडे सारखी फिरायला हवी. बाकी पन्नास वर्षं जुनी काच आजच्या सेन्सरवर का चालते, याचं उत्तर वर आलंच आहे. ती कुणीतरी नीट हिशेब करून घासली होती.

मित्रांनो, उद्या आपल्यातलं कुणी शिफ्टचं वेळापत्रक आखेल, कुणी पगाराचे कोष्टक ठरवेल. डिझाइनचं गणित आपल्याला सर शिकवतातच. पण समोर मशिनला टेकून उभ्याने जेवणारा माणूस असेल, तेव्हा रिकाम्या डब्यासाठी थांबलेलं त्याचं पोरगंही तिथे असू शकतं. हिशेब करताना त्याला धरायला विसरू नका, एवढंच!