परतीची वाट नसलेल्यांचे पारपत्र

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस ठरावीक काळाने येतोच. वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपत आलेली असते. पासपोर्ट, भाड्याच्या घराचा करार, नोकरीचे पत्र, छायाचित्रे असा सारा ऐवज पाकिटात भरून तो सकाळीच सरकारी कचेरीपुढच्या रांगेत उभा राहतो. महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील मुलामुलींना ही रांग आता परिचयाची आहे. अर्ज मंजूर होतो की काही त्रुटी काढून परत येतो, ही धाकधूक प्रत्येकाला असते. मात्र त्या धाकधुकीतही एक आधार त्याने नकळत गृहीत धरलेला असतो. त्याच्या हातात स्वतःच्या देशाचा पासपोर्ट असतो, आणि परवाना नाकारला गेलाच, तर परत जायला एक देश असतो.

ज्याच्याजवळ हा आधारच नाही, त्याने अर्ज करायचा तो कशाच्या बळावर? पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न लाखो माणसांपुढे उभा राहिला. त्याला व्यवहारात उतरेल असे पहिले आंतरराष्ट्रीय उत्तर शोधले ते कोणा कायदेपंडिताने नव्हे, तर उत्तर ध्रुवाच्या बर्फात तीन वर्षे काढून आलेल्या एका संशोधकाने. फ्रित्यॉफ नान्सेन हे त्यांचे नाव.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, या शहरालगत झाला. वडील वकील होते. मुलाचा ओढा मात्र रान आणि बर्फ यांकडे. प्राणिशास्त्राचा अभ्यास करून १८८२ मध्ये ते बर्गेनच्या संग्रहालयात रुजू झाले. मज्जासंस्थेवरील संशोधनासाठी त्यांना १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्यानंतर काही दिवसांतच पाच साथीदारांसह ते ग्रीनलंडकडे निघाले.

ग्रीनलंडचा हिमाच्छादित अंतर्भाग तोवर कोणी आडवा पार केला नव्हता. आधीच्या मोहिमा वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि अडचण येताच माघारी फिरत. नान्सेन यांनी हा क्रम उलटा केला. ते निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरले. मागे थांबायला गाव नव्हते, वाट पाहणारे जहाज नव्हते. जगायचे असेल तर पुढेच जायला हवे, अशी परिस्थिती त्यांनी स्वतःहून निर्माण केली. ऑक्टोबर १८८८ च्या आरंभी ते पश्चिमेकडील गोटहॉब येथे पोहोचले. परतीची वाट स्वतःच्या हाताने बंद करायची, ही त्यांची रीत या मोहिमेत पक्की झाली.

१८९३ च्या जूनमध्ये त्यांनी याहूनही धाडसी बेत अंमलात आणला. सैबेरियाच्या उत्तरेस बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. त्यावरून ध्रुवीय समुद्रातील बर्फ पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. मग ‘फ्राम’ नावाचे खास बांधणीचे जहाज त्यांनी मुद्दाम त्या बर्फात अडकू दिले. फ्राम म्हणजे पुढे. मार्च १८९५ मध्ये ह्यालमार योहानसेन या एकाच सोबत्याला घेऊन ते जहाज सोडून निघाले आणि ८ एप्रिल रोजी ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर मनुष्य इतक्या उत्तरेला कधी गेला नव्हता. सरकत्या बर्फात फ्राम पुन्हा सापडणे शक्यच नव्हते. फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहावर दगड आणि वॉलरसची कातडी यांच्या खोपटात दोघांनी पुढचा हिवाळा काढला. जून १८९६ मध्ये त्यांना फ्रेडरिक जॅक्सन हा ब्रिटिश संशोधक अचानक भेटला. काजळीने माखलेल्या, दाढी वाढलेल्या त्या माणसाचा चेहरा पाहून जॅक्सनने काही वेळाने त्यांना ओळखले. त्या निर्मनुष्य प्रदेशात आपण कोण, हे सिद्ध करण्यासाठी नान्सेन यांना कोणताही कागद दाखवावा लागला नाही.

मायदेशी त्यांचे स्वागत राष्ट्रवीरासारखे झाले. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला. डेन्मार्कच्या राजपुत्राने नव्या देशाचा राजमुकुट स्वीकारावा, यासाठी झालेल्या वाटाघाटींत नान्सेन यांचा वाटा होता. पुढे १९०६ ते १९०८ या काळात ते लंडनमध्ये नॉर्वेचे पहिले राजदूत होते. एखादे राज्य जन्माला येते आणि इतर राज्ये त्याला मान्यता देतात, म्हणजे नेमके काय घडते, हे त्यांनी जवळून पाहिले. हा अनुभव पुढे कामी आला.

पहिल्या महायुद्धाने युरोपचा नकाशा बदलला, तसा प्रवासाचा रिवाजही बदलला. १९१४ पूर्वी पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत पासपोर्टाशिवाय ये-जा करता येई. युद्धकाळात हेरांच्या भीतीने सीमांवर कागदांची सक्ती आली आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने युद्धकैद्यांना घरी पोहोचविण्याचे काम नान्सेन यांच्यावर सोपविले. अपुरा पैसा आणि मोडलेले रेल्वेमार्ग यांतून वाट काढत १९२२ पर्यंत त्यांनी सव्वाचार लाखांहून अधिक कैद्यांना मायदेशी पोहोचते केले. या कैद्यांची स्थिती कितीही हलाखीची असली, तरी त्यांना परत जाण्यासाठी देश होता.

पुढचे काम याच्या अगदी उलट निघाले. रशियातील क्रांती आणि यादवी युद्ध यांतून दहा ते पंधरा लाख माणसे देशाबाहेर फेकली गेली होती. नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियातून एकाच वेळी सुमारे दीड लाख लोक जहाजांनी कॉन्स्टँटिनोपलला येऊन पडले. ऑगस्ट १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने या निर्वासितांसाठी उच्चायुक्त म्हणून नान्सेन यांची नेमणूक केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने एक हुकूम काढून परदेशी गेलेल्या अशा बहुसंख्य रशियनांचे नागरिकत्व रद्द केले.

या हुकुमाचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होता, हे पाहण्यासारखे आहे. या माणसांपाशी कागद असलाच तर तो झारच्या साम्राज्याचा होता, आणि ते साम्राज्य आता अस्तित्वात नव्हते. मालक काम देण्यापूर्वी वास्तव्याचा परवाना मागे. परवाना देणारा अधिकारी पासपोर्ट मागे. पासपोर्ट द्यायला देश हवा, आणि तो तर तोंड फिरवून बसला होता. दुसरीकडे काम मिळण्याची शक्यता असली, तरी व्हिसाचा शिक्का उमटवायला कागद नव्हता. सरकारांचीही कोंडी झाली होती. ज्याला कोणी आपला म्हणत नाही, त्याला हद्दपार तरी कुठे करणार?

नान्सेन यांनी सरकारांकडे जे मागितले ते फार थोडे होते, आणि त्यातच त्यांचे शहाणपण दिसते. नागरिकत्व द्या, अशी मागणी त्यांनी केली नाही. निर्वासितांना आपल्या देशात घ्याच, असा आग्रहही धरला नाही. या दोन्ही गोष्टींना नकार ठरलेला होता. त्यांनी एवढेच सुचविले की, ज्या देशात निर्वासित आज आहे, त्या देशाच्या सरकारने तो कोण आहे हे लिहून द्यावे आणि इतर सरकारांनी ते ग्राह्य मानावे. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत हा तोडगा संमत झाला. त्या ओळखपत्रालाच जग पुढे ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणू लागले.

हे दस्तऐवज राष्ट्रसंघ नव्हे, तर यजमान देशाचे सरकार देत असे. त्याची मुदत साधारणपणे एका वर्षाची, आणि नूतनीकरणासाठी पुन्हा कचेरीची पायरी. धारकाने रशियाच्या भूमीवर पाऊल ठेवल्यास ते रद्दबातल ठरे. त्यातील खरी उणीव मात्र वेगळीच होती. विशेष नोंद नसेल, तर ज्या देशाने ते दिले, त्या देशात परतण्याचाही हक्क त्याने मिळत नसे. ग्रीनलंडच्या बर्फात नान्सेन यांनी परतीची वाट स्वेच्छेने बंद केली होती. या माणसांची वाट मात्र इतरांनी बंद केली होती, आणि त्यांच्या हाती आलेल्या कागदातही ती उघडली नव्हती. सरकारांना सही करायला लावायची, तर पहिल्या पायरीवर याहून अधिक पदरात पडणे कठीण होते.

पुढची पायरी १९२६ मध्ये आली. परतीच्या व्हिसाची सोय व्हावी, अशी शिफारस त्या वर्षीच्या करारात झाली. पाच सुवर्ण फ्रँक किमतीचे एक तिकीटही सुरू झाले. ज्यांना परवडे, त्यांनी ते ओळखपत्रावर लावायचे आणि त्या पैशातून गरजू निर्वासितांना मदत करायची, अशी योजना होती. त्या तिकिटावर नान्सेन यांचे चित्र होते. १९२४ मध्ये आर्मेनियनांना आणि नंतर इतर काही समाजांनाही हे ओळखपत्र मिळू लागले. पन्नासहून अधिक सरकारांनी ते मान्य केले आणि सुमारे साडेचार लाख लोकांना ते मिळाले. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांनीही त्यावर प्रवास केला. कादंबरीकार नाबोकोव्ह यांनी मात्र या कागदामुळे सोसाव्या लागलेल्या अपमानांविषयी पुढे अत्यंत कडवटपणे लिहिले. तो कडवटपणा खोटा नव्हता. हा कागद नसलेल्या माणसाची अवस्था त्याहून वाईट होती, हेही तितकेच खरे.

नान्सेन यांच्या कार्याला टीकेची बाजूही आहे. १९२१ च्या रशियातील दुष्काळात त्यांनी मदतीसाठी जिवाचे रान केले. तेव्हा ते बोल्शेविकांना बळ देत आहेत, असा आरोप झाला. राष्ट्रसंघापुढे मांडलेली कर्जाची मागणी फेटाळली गेली. सोव्हिएत सरकारशी बोलणी करणारा माणूस म्हणून निर्वासितांपैकी अनेकांचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पुरस्कार त्यांनी केला. १९२३ च्या करारानुसार तिच्यात सुमारे पंधरा लाख माणसांची घरे कायमची सुटली, आणि इच्छा कोणाची विचारली गेली नाही. रक्तपात टाळण्यासाठी उचललेले ते पाऊल आजही वादग्रस्त आहे. आर्मेनियनांना वसविण्याच्या योजनेसाठी ते १९२५ मध्ये स्वतः येरेव्हानला गेले, पण सरकारांनी पैसा दिला नाही. हे अपयश त्यांच्या जिव्हारी लागले. १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. त्याची रक्कम त्यांनी मदतकार्यातच खर्च केली.

१३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळील आपल्या घरी नान्सेन यांचे निधन झाले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या निर्वासित कार्यालयाला १९३८ चे शांततेचे नोबेल मिळाले. त्यांचा मूळ विचार १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने पुढे नेला. त्या कराराखालील प्रवासपत्राची मुदत असेपर्यंत, ते देणाऱ्या देशाला धारकास परत घ्यावेच लागते. १९२२ च्या कागदात नसलेली परतीची वाट अशी तीन दशकांनी उघडली.

भारताने त्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तरीही आपल्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावसारख्या तिबेटी वसाहतींत नोंदणी प्रमाणपत्र जपून ठेवणारी आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवणारी कुटुंबे आहेत. परदेशी जायचे, तर पासपोर्टऐवजी भारत सरकारचे ओळखपत्र त्यांच्या हाती असते. कागद वेगळा, काळ वेगळा, प्रश्न तोच. वास्तव्याच्या परवान्यासाठी रांगेत उभे राहणे कोणालाच आवडत नाही. पण रांगेत उभे राहण्यासाठीसुद्धा आधी आपण कोणीतरी आहोत, हे कोणीतरी मान्य करावे लागते. साडेचार लाख माणसांसाठी ते मान्य करून घेणे, हीच नान्सेन यांच्या आयुष्यातील सर्वांत दूरची मजल होती.