रमाई : आपण रडतो ती आणि होती ती

रमाईचे नाव निघाले की आपल्यापुढे एकच चित्र उभे राहते. ठिगळांचे लुगडे, डोक्यावर शेणाची पाटी आणि डोळ्यांत पाणी. गायनपार्टीची मंडळी हेच रंगवून सांगतात आणि आयाबाया पदराने डोळे पुसतात. शाळेतल्या मुलीही 7 फेब्रुवारीच्या जयंतीला रडक्या सुरातच भाषण करतात. रमाई मात्र रडत बसणारी बाई नव्हती.

1898 साली दापोलीजवळच्या वणंद गावी तिचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. आईबाप लवकर वारले आणि पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईस आली. 1906 साली भायखळ्याच्या बाजारात, विक्रेते उठून गेल्यावर रात्री, तिचे भीमरावांशी लग्न लागले. नवरीचे वय आठ-नऊ वर्षांचे!

पती 1913 साली अमेरिकेस गेले, 1920 साली पुन्हा लंडनला. घर तिने चालविले. शेणाचे भारे वाहिले हे खरेच. परंतु ते काम तिने लाजत, कुढत केले नाही. 1928 साली ‘बहिष्कृत भारता’त बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले, आणि अशा पत्नीसाठी दिवसातला अर्धा तासही आपणास देता येत नाही, अशी कबुलीही दिली. तिच्या कष्टांचे आपल्यावर ऋण आहे हे ते जाणत होते. आपण मात्र ‘बिचारी’ म्हणून मोकळे होतो.

पाच मुलांपैकी चार गेली. शेवटचा राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला. ज्या घरातून बाबासाहेब महाडला निघाले, ते घर हिचे होते.

दुसरा एक समज आपल्यातच आहे. रमाई देवभोळी होती, उपासतापास करी, पंढरपूरला जायचा तिचा हट्ट होता. काहींना हे सांगायला अवघड वाटते, म्हणून ते झाकतात. झाकायचे कशाला? जिथे आपल्याला लांब उभे करतात तिथे जायचे नाही, आपण आपले वेगळे पंढरपूर उभारू, अशी बाबासाहेबांनी तिची समजूत घातली. 27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात ती वारली. येवल्याची घोषणा त्यानंतर साडेचार महिन्यांनी झाली आणि दीक्षा 1956 साली. जी वाट अजून उघडलीच नव्हती, तिच्यावर ती चालली नाही म्हणून तिला अडाणी ठरवायचे काय? घरातल्या म्हाताऱ्या आईला पेटीतल्या देवांवरून टाकून बोलणाऱ्या आपल्या तरुणांनी हा हिशेब जरूर करावा.

पुढे 1940 च्या सुमारास पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला. त्या ओळींत तिच्या मनाचा चांगुलपणा आहे, शील आहे आणि कोणी मित्र नसलेल्या टंचाईच्या दिवसांत तिने दाखविलेला शांत धीर आहे. तिथे ती माताही नाही, देवीही नाही. त्यांनी तिला नुसते रामू म्हटले आहे.